जुन्या शेव्हेलच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह जोडताना

डेट्रॉईटहून आय-७५ धरून उत्तरेला मॅकिनॉच्या पुलाकडे निघालं की गावं विरळ होत जातात आणि रस्ता सरळसोट होतो. सॅगिनॉच्या आसपास वेगमर्यादा ताशी ७० मैल. माझ्या १९६९ च्या शेव्हेलमधून, म्हणजे शेव्हर्लेच्या जुन्या गाडीतून, मी हा रस्ता पहिल्यांदा धरला तेव्हा टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे दाखवणारा, काटा ३,४०० च्या आसपास चिकटून बसला होता. सॅगिनॉ येईपर्यंत कानात नुसती घरघर. शेजारी बसलेल्या बायकोशी बोलायचं तर आवाज चढवून बोलावं लागत होतं, आणि पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत खाली येत होता.

गाडीत बिघाड काहीच नव्हता. ३९६ घनइंची, म्हणजे साधारण साडेसहा लिटरचं इंजिन, मागे टर्बो हायड्रामॅटिक ४०० (टीएच-४००) हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल ३.७३ चं, म्हणजे मागच्या चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे ३.७३ फेरे. सिग्नल हिरवा झाल्यावर जोरात सुटायला ही जोडी उत्तम. पण शेवटचा गिअर १:१, म्हणजे इंजिन जेवढे फेरे घेतं तेवढेच प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जोर नेणारा दांडा) घेतो. त्यापुढे सवलत नाही. आजच्या साध्या सेदानमध्येही आठ गिअर असतात. या गाड्यांना तीनच मिळाले.

गिअरबॉक्सच्या शेपटीला, म्हणजे मागच्या टोकाला, ओव्हरड्राइव्ह युनिट (तोच वेग इंजिनाच्या कमी फेऱ्यांत देणारी जादा गिअरची पेटी) जोडून मी हा प्रश्न सोडवला. माझं रोजचं काम संगणकासमोरचं आहे आणि पाना हातात धरायला मी इथे अमेरिकेत आल्यावरच शिकलो. त्यामुळे हा लेख मेस्त्री लोकांसाठी नाही. पहिल्यांदाच या कामाला हात घालणाऱ्यासाठी तो लिहितो आहे. एक गोष्ट आत्ताच सांगतो: युनिट बसवणं हा यातला सोपा भाग आहे. काम फसतं ते दोन टोकांना, एक म्हणजे खरेदीआधीचं गणित आणि दुसरं प्रोपेलर शाफ्ट.

१. आधी गणित, मग खरेदी

सूत्र एका ओळीचं आहे. ताशी मैल गुणिले डिफरन्शियलचं गुणोत्तर गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत. उत्तर येतं ते इंजिनाचे मिनिटाला फेरे.

माझ्या गाडीचे टायर २६ इंची. ७० × ३.७३ × ३३६ ÷ २६ = सुमारे ३,३७४. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) थोडा घसरतो, म्हणून प्रत्यक्षात काटा त्याच्या जरा वर दिसतो.

शेपटीला जोडायच्या युनिटमध्ये सर्वांत परिचित आहे ते कॅलिफोर्नियातल्या एल कहोन इथल्या गिअर व्हेंडर्सचं. त्याचं गुणोत्तर ०.७७८, म्हणजे फेरे २२ टक्क्यांनी कमी. ३,३७४ चे झाले २,६२५. डिफरन्शियल ३.७३ चं न राहता २.९० चं असल्यासारखं वागू लागलं, आणि तेही फक्त मला हवं तेव्हा.

आता तुमचे आकडे घाला. २६ इंची टायर आणि ७० मैल हाच हिशेब धरला तर ४.१० च्या डिफरन्शियलवर ३,७०९ चे २,८८६ होतात. ३.३१ वर २,९९४ चे २,३३०. पण तुमच्या गाडीत मुळात २.७३ असेल तर फेरे आधीच २,४७० च्या घरात आहेत. ओव्हरड्राइव्ह लावल्यावर ते १,९२१ वर येतील, आणि इंजिनात जहाल, म्हणजे जास्त फेऱ्यांसाठी बनवलेला, कॅमशाफ्ट असेल तर तेवढ्या फेऱ्यांवर ते कण्हतं, झटके देतं. अशा गाडीवर हा खर्च करू नका.

डिफरन्शियलचं गुणोत्तर विक्रेत्याने सांगितलं म्हणून धरून चालू नका. पन्नास वर्षांत ते कोणी बदललं असेल याचा नेम नसतो. मागची दोन्ही चाकं उचला, गिअर न्यूट्रलला ठेवा, प्रोपेलर शाफ्टवर आणि चाकावर खडूने खूण करा. दोन्ही चाकं एकाच दिशेला मिळून एक पूर्ण फेरा फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा. पावणेचारला जरा कमी भरला तर ३.७३. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकं बरोबर फिरत नाहीत. तिथे एक चाक जमिनीवर घट्ट ठेवा, दुसरं पूर्ण दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात शाफ्टचे फेरे मोजा.

टॉर्क कन्व्हर्टरचा हिशेब बहुतेक जण विसरतात. आधीच्या मालकाने ३,००० फेऱ्यांच्या स्टॉलचा, म्हणजे साधारण तेवढ्या फेऱ्यांपर्यंत बराच घसरणारा, कन्व्हर्टर घातला असेल आणि तुम्ही हायवेवर २,६०० वर चालणार असाल, तर तो सतत जास्त घसरत राहील. घसरण म्हणजे उष्णता, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मरतात ते बहुतांशी उष्णतेने. मूळचा किंवा त्याच्या जवळपासचा कन्व्हर्टर असेल तर काळजी नाही. नसेल तर आधी कन्व्हर्टर बदलायचा खर्च धरा.

२. गिअरबॉक्सच बदलायचा की शेपटीला जोड लावायचा?

हा प्रश्न तुम्हाला प्रत्येक जण विचारेल, कारण दुसरा रस्ता खरोखर आहे. जनरल मोटर्सने १९८० च्या दशकात चार गिअरचे ऑटोमॅटिक आणले. २००-४आर चा चौथा गिअर ०.६७ चा, ७००-आर-४ चा ०.७०. पुढे ४एल८०-ई आला, तो टीएच-४०० चाच वारसदार, चौथा गिअर ०.७५.

२००-४आर जुन्या जागेत बऱ्यापैकी सुखाने बसतो. ब्युइक ग्रँड नॅशनलमध्ये हाच होता. पण मोठ्या ब्लॉकच्या इंजिनासमोर टिकवायचा तर आतून मजबूत करून घ्यावा लागतो. शिवाय २००-४आर आणि ७००-आर-४ या दोघांनाही कार्ब्युरेटरपासून येणारी टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल लागते. तिचं माप चुकलं तर आतला दाब कमी पडतो आणि नवाकोरा गिअरबॉक्स बघता बघता जळतो. ४एल८०-ई दणकट आहे, पण त्याला चालवायला वेगळा संगणक लागतो.

माझा टीएच-४०० मूळचा, गाडीसोबत आलेला आणि ठणठणीत होता. तो काढून बाजूला ठेवायला माझं मन झालं नाही. शेपटीच्या युनिटचा मोठा फायदा हा की मूळ गिअरबॉक्स, कन्व्हर्टर, गिअरचा दांडा, सगळं जागच्या जागी राहतं. उद्या गाडी पुन्हा जशीच्या तशी करायची झाली तर मूळ शेपटी आणि मूळ शाफ्ट परत बसवले की झालं. पैशांच्या दृष्टीने मात्र हा स्वस्त मार्ग नाही. युनिटला काही हजार डॉलर आणि शाफ्टच्या कामाला काहीशे डॉलर धरा. तुमचा गिअरबॉक्स तसाही उघडायचाच असेल, तर २००-४आर चा विचार जरूर करा.

३. त्या पेटीच्या आत काय चालतं

हे समजून घ्या, कारण पुढचा एक नियम यावरच उभा आहे. मूळ कल्पना इंग्लंडची. तिथल्या लेकॉक द नॉर्मनव्हिल ओव्हरड्राइव्हवर ट्रायम्फ, एमजी, जॅग्वार, व्होल्व्हो अशा कितीतरी गाड्या चालल्या. आत एक प्लॅनेटरी गिअरसंच असतो, म्हणजे मधल्या ‘सन’ गिअरभोवती फिरणाऱ्या छोट्या गिअरांचा संच. साध्या स्थितीत स्प्रिंगांच्या दाबाने एक शंकूच्या आकाराचा क्लच सगळा संच एकत्र धरून ठेवतो आणि पुढे जाण्याचा जोर एका एकदिशा क्लचमधून जातो. बटण दाबलं की सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) तेलाचा दाब आत जाऊ देतो, शंकू पुढे सरकून मधलं सन गिअर अडवून धरतो आणि बाहेरचा शाफ्ट आतल्यापेक्षा जोरात फिरू लागतो.

ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना गाडी रिव्हर्समध्ये घातली तर काय होईल? एकदिशा क्लच आणि अडवलेलं सन गिअर एकमेकांशी झगडतात, आणि त्यातलं काहीतरी तुटतं. म्हणून ओव्हरड्राइव्हमध्ये रिव्हर्स कधीही नाही. ठरावीक वेगाखाली युनिट आपोआप सोडवणारा कंट्रोल बॉक्स यासाठीच असतो. काही जण तो वगळून साध्या खटक्यावर सोलेनॉइड चालवतात. तसं करू नका. एक दिवस घरासमोर गाडी मागे घेताना खटका बंद करायचा राहून जाईल.

४. आहे त्या गाडीची तब्येत

दुखऱ्या गिअरबॉक्सला नवी शेपटी लावून तो बरा होत नाही. तेलाची पट्टी काढून वास घ्या. जळका वास, काळपट रंग, पट्टीवर बारीक काळी पूड, यातलं काहीही दिसलं तर आधी गिअरबॉक्स. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना इंजिन नुसतं भुणभुणून मग पकडत असेल तरी आधी गिअरबॉक्स.

प्रोपेलर शाफ्टचे युनिव्हर्सल जॉईंट, आपल्याकडचे मेस्त्री ज्यांना क्रॉस म्हणतात ते, हाताने हलवून बघा. डिफरन्शियलच्या पिनियनला, म्हणजे शाफ्ट ज्याला जोडतो त्या छोट्या गिअरला, खेळ आहे का तेही पाहा. इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे रबरी माउंट पन्नास वर्षांचे असतील तर याच कामात बदला. पुढे कोन मोजायचे आहेत, आणि खचलेल्या रबरावर मोजलेला कोन खोटा निघतो.

५. मापं, कागदपत्रं आणि हत्यारं

ऑर्डर देण्याआधी गाडीखाली अर्धा दिवस घालवा. टीएच-४०० एकाच नावाचा असला तरी त्याची शेपटी वेगवेगळ्या लांबीची येते आणि त्याप्रमाणे किट बदलतं. शेपटीचं घर गिअरबॉक्सला जिथे बोल्टने जोडलेलं आहे तिथपासून मागच्या टोकापर्यंत टेपने मोजा आणि फोटो काढा. गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला एक छोटी पत्र्याची पट्टी असते, तिच्यावरचा कोड लिहून घ्या. बोगद्यात, म्हणजे फरशीच्या मधल्या उंचवट्याखाली, किती जागा आहे ते बघा. एक्झॉस्टचे दोन पाइप एकमेकांना कुठे जोडलेत आणि पार्किंग ब्रेकची तार कुठून जाते हेही बघा. माझ्या गाडीत नंतर घातलेला जोडपाइप नेमका युनिटच्या जागेत येत होता. तो कापून पुढे सरकवावा लागला.

हाताशी ठेवायचे कागद:

- शेव्हेलचं त्या वर्षीचं चॅसी सर्व्हिस मॅन्युअल
- किटसोबतची सूचनापत्रिका, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेली
- तुम्ही लिहून काढलेली मापं आणि कोन, तारखेसह
- सगळ्या पावत्या. जुन्या गाडीचा विमा ठरलेल्या किमतीचा असेल तर हे युनिट त्यात वाढवून घ्यावं लागतं

मिशिगनमध्ये राहत असाल आणि गाडीवर हिस्टॉरिक नंबरपाटी असेल तर आणखी एक गोष्ट. ती पाटी मेळावे, मिरवणुका, क्लबचे कार्यक्रम यांच्यासाठी आहे. रोजच्या वापरासारखी गाडी फिरवायची मोकळीक ऑगस्ट महिन्यापुरतीच मिळते. ओव्हरड्राइव्ह लावून वर्षभर हायवेवर जायचा बेत असेल तर साधी पाटी घ्या.

हत्यारांत: हायड्रॉलिक जॅक, चार जॅक स्टँड, चाकांना लावायच्या ओटी (चाकं अडवणाऱ्या पाचरी), गिअरबॉक्सखाली लावायचा दुसरा जॅक आणि लाकडी फळी, इंची पान्यांचा आणि सॉकेटचा संच (ही गाडी मिलिमीटरची नाही), टॉर्क रेंच, सर्क्लिप काढायची पक्कड, कोन मोजायचा डिजिटल मीटर, मल्टिमीटर, वायर सोलायची आणि दाबायची पक्कड, तेलासाठी रुंद परात आणि भरपूर चिंध्या.

६. गाडी उचलणं

इथे घाई नको. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओटी लावा. बॅटरीची ऋण तार सोडा. चारही कोपऱ्यांवर स्टँड लावा. मागचे दोन स्टँड अ‍ॅक्सलच्या नळीखाली असू द्या, चॅसीखाली नको. कारण पुढे कोन मोजताना अ‍ॅक्सल जमिनीवर असतो त्या उंचीला असला पाहिजे, लोंबकळलेला नाही.

प्रोपेलर शाफ्ट निघाला की गिअरबॉक्सचा ‘पार्क’ चाकांना धरत नाही. दांडा पार्कमध्ये दिसतो म्हणून मनुष्य निर्धास्त राहतो, आणि गाडी मात्र मोकळी असते. ओटी शेवटपर्यंत काढू नका. स्टँड लावून झाल्यावर गाडीला कमरेने जोरात ढकलून बघा. ती हलायची असेल तर तुम्ही बाहेर असताना हलू दे.

७. शेपटी काढणं

शाफ्ट काढण्याआधी मागच्या क्रॉसवर आणि पिनियनच्या योकवर (क्रॉस ज्यात बसतो त्या टोकावर) रंगाची खूण करा. शाफ्टचं पुढचं टोक बाहेर ओढताच शेपटीतून तेल येईल, म्हणून परात आधी ठेवा.

मग स्पीडोमीटरची केबल आणि तिचं छोटं दातेरी चाक काढा. ते आधी काढलं नाही तर शेपटी ओढताना त्याचे दात जातात. गिअरबॉक्सला तेलाच्या तबकाखाली फळी ठेवून जॅकचा आधार द्या, फळीशिवाय कधीच नाही, कारण ते तबक पातळ पत्र्याचं असतं. नंतर माउंटचे बोल्ट आणि आडवा पट्टा काढा. शेव्हेलमध्ये हा पट्टा चॅसीला बोल्टने लावलेला असतो, त्यामुळे सहज निघतो.

गिअरबॉक्सचं मागचं टोक खाली उतरवताना सावकाश. इंजिन मागे कलतं, आणि शेव्हीच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर मागच्या बाजूला, थेट फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याजवळ, असतो. जास्त उतरवलं तर त्याचं झाकण पत्र्यावर आपटून फुटतं. एकाला वर बॉनेट उघडून उभं करा, त्याने ‘थांब’ म्हटलं की थांबा. उजव्या अंगाला व्हॅक्यूम मॉड्युलेटरची नळी असते, डाव्या अंगाला किकडाउनच्या वायरचं कनेक्टर. दोन्ही ताणले जात नाहीत ना ते बघा.

शेपटीचे बोल्ट काढले की ती रबरी हातोडीच्या हलक्या ठोक्याने सुटते. स्क्रूड्रायव्हर घुसवून उचकटू नका. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून तेल झिरपतं. काढलेली शेपटी, बोल्ट, स्पीडोमीटरचं चाक, सगळं पुसून डब्यात भरा, वर चिठ्ठी लावा आणि जपून ठेवा. ही गाडीच्या मूळपणाची ठेव आहे.

८. अ‍ॅडॉप्टर आणि युनिट बसवणं

किटमध्ये शेपटीच्या जागी बसणारं अ‍ॅडॉप्टर, शाफ्टला शाफ्ट जोडणारा कपलर आणि युनिट येतं. जुनं पॅकिंग पूर्ण खरवडून पृष्ठभाग स्वच्छ करा. नवं पॅकिंग किंवा सील सूचनेप्रमाणे लावा आणि बोल्ट आमनेसामने थोडे थोडे आवळा. टॉर्कचे आकडे किटच्या पत्रिकेतूनच घ्या.

कपलर शाफ्टच्या दात्यांवर हाताच्या दाबाने सरकला पाहिजे. अडला तर काढा, दाते पुसा, बारीक खरखर असेल तर घालवा, पुन्हा लावा. युनिट आणि अ‍ॅडॉप्टर यांच्यात फट दिसत असताना बोल्ट आवळून ती मिटवायचा मोह अनेकांना होतो. तो टाळा. फट आहे याचा अर्थ आत काहीतरी बसलेलं नाही, आणि बोल्टने ओढलं तर अ‍ॅडॉप्टरला तडा जातो. युनिट जड आहे, झोपून एका हाताने पेलण्यासारखं नाही. सोबतीला माणूस घ्या.

युनिटचं तेल गिअरबॉक्सच्या तेलापासून वेगळं असतं. पत्रिकेत लिहिलेलंच घाला, भरायच्या भोकाच्या काठापर्यंत. त्याचबरोबर गिअरबॉक्समधून सांडलेलं तेलही पुन्हा भरा. दोन्ही कामं आहेत, आणि लोक एक विसरतात.

९. वायरिंग

सोलेनॉइडची वायर, वेगाचा सेन्सर, कंट्रोल बॉक्स, आणि पायापाशी किंवा गिअरच्या दांड्यावर लावायचं बटण, एवढंच. वीज इग्निशन चालू असतानाच मिळेल अशा जागेवरून घ्या, मधे फ्यूज टाका. वायर एक्झॉस्टपासून लांब न्या आणि पत्र्यातून जिथे जाते तिथे रबरी बूच लावा.

जुन्या गाड्यांत सगळ्यात जास्त छळतं ते अर्थिंग. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरावर बसलेले असतात, त्यांचा बॉडीशी विजेचा संबंध एका विणलेल्या पट्टीने येतो. ती पट्टी अनेक गाड्यांतून कधीच गळून पडलेली असते. मग युनिट कधी लागतं, कधी लागत नाही, आणि दोष नव्या पेटीवर येतो. नवी अर्थ पट्टी लावा. रंग खरवडून उघड्या लोखंडावर लावा.

१०. प्रोपेलर शाफ्ट

आता खरं काम.

युनिट मूळ शेपटीपेक्षा लांब आहे, म्हणून शाफ्ट आखूड करावा लागतो. शाफ्टच्या पुढच्या योकचे दाते युनिटच्या शाफ्टशी जुळतात का ते आधी बघा. जुळले नाहीत तर नवा योक घ्या आणि तो हातात आल्यावरच माप घ्या.

माप असं: अ‍ॅक्सल त्याच्या नेहमीच्या उंचीवर, गिअरबॉक्सचं माउंट आणि आडवा पट्टा पूर्ण आवळलेला. योक युनिटमध्ये शेवटपर्यंत सारा, मग पाऊण ते एक इंच मागे ओढा. पुढच्या क्रॉसच्या केंद्रापासून पिनियनवरच्या क्रॉसच्या केंद्रापर्यंत अंतर घ्या. तीनदा मोजा, दुसऱ्या माणसाकडून एकदा मोजून घ्या.

ही पाऊण इंचाची जागा कशासाठी? खड्ड्यात अ‍ॅक्सल वर येतो तेव्हा शाफ्ट पुढे सरकतो. जागा नसेल तर तो युनिटच्या मागच्या बेअरिंगवर हातोड्यासारखा आदळतो. माझा पहिला शाफ्ट ज्या वर्कशॉपने केला त्यांनी माप केंद्रापासून न धरता योकच्या काठापासून धरलं, आणि शाफ्ट लांब झाला. बसवताना तो बसला, पण गाडी जमिनीवर आल्यावर योक आत टेकला. पुन्हा कापायला दिला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, तोंडी आकडा देऊ नका. कागदावर शाफ्टचं चित्र काढा, दोन केंद्रांवर टिंब द्या, मधे बाण आणि माप लिहा. आणि बॅलन्सिंग करून दिल्याशिवाय शाफ्ट ताब्यात घेऊ नका.

पुढचा मुद्दा कोनांचा. शाफ्ट आखूड झाला म्हणजे तोच उंचीचा फरक आता कमी लांबीत भागवायचा आहे. क्रॉसवरचे कोन त्यामुळे वाढतात. डिजिटल मीटरने तीन कोन घ्या: गिअरबॉक्स आणि युनिटचा, शाफ्टचा, पिनियनचा. युनिटची रेषा आणि पिनियनची रेषा एकमेकींना जवळपास समांतर हवी. समजा युनिट मागे ३ अंश खाली झुकतंय, तर पिनियनचं तोंड ३ अंश वर. प्रत्येक क्रॉसवरचा कोन एक ते तीन अंशांच्या आत असावा आणि दोन्ही क्रॉसवर जवळपास सारखा. अगदी शून्यही नको. क्रॉसमधल्या सुयांसारख्या बेअरिंगला थोडं हलावं लागतं, नाहीतर त्या एकाच जागी झिजतात.

फरक दुरुस्त कसा करायचा? गिअरबॉक्सच्या माउंटखाली पातळ पट्ट्या घालून पुढचा कोन बदलतो. शेव्हेलला मागे कॉइल स्प्रिंग आणि चार हात आहेत. त्यातले वरचे दोन लांबी बदलता येणारे घेतले की पिनियन हवा तसा फिरवता येतो. माझं काम माउंटखालच्या पट्टीवर भागलं.

आणि हे लक्षात ठेवा. ओव्हरड्राइव्ह लागल्यावर इंजिन हळू होतं, शाफ्ट होत नाही. ७० मैलांना ३.७३ च्या डिफरन्शियलसमोर शाफ्टला ३,३७४ फेरे घ्यावेच लागतात, ओव्हरड्राइव्ह असो नसो. आधी इंजिनाच्या गोंगाटात शाफ्टची थरथर झाकली जायची. आता इंजिन शांत झालं आणि थरथर कानापायाला जाणवू लागली, की लोक म्हणतात युनिट खराब निघालं. बहुतेक वेळा तो शाफ्टचा तोल किंवा कोन असतो, आणि आधीपासून तसाच असतो.

११. स्पीडोमीटर

केबल युनिटच्या मागच्या टोकाला जोडा. काही जण जुन्या जागी, म्हणजे युनिटच्या आधी, जुगाड करून केबल लावतात. मग ओव्हरड्राइव्हमध्ये गाडी ७० ने धावत असताना काटा ५४ दाखवतो. आजूबाजूच्या गाड्या हळू वाटतात आणि पोलिसांची गाडी मागे दिसते. दातेरी चाकाचे दात तुमच्या डिफरन्शियल आणि टायरप्रमाणे घ्या आणि फोनच्या जीपीएसवर एकदा ताडून पाहा.

१२. पहिली फेरी

बाहेर काढण्याआधी इंजिन सुरू करून खाली वाका आणि तेल कुठे झिरपतंय का बघा. मग गल्लीत, ओव्हरड्राइव्ह न लावता, दोन-तीन मैल. परत येऊन पुन्हा खाली बघा. गिअरबॉक्सचं तेल इंजिन चालू आणि गरम असताना तपासा.

दुसऱ्या फेरीला मोकळा रस्ता घ्या. ४५-५० मैलांवर तिसऱ्या गिअरमध्ये स्थिर चाला, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय किंचित हलका करा, बटण दाबा. फेरे एकदम पाचव्या हिश्श्याहून थोडे जास्त उतरले पाहिजेत. ५० मैलांना माझे २,४०० चे साधारण १,९०० झाले. उतरले आणि मग हळूहळू वर चढले तर क्लच पकडत नाही, लगेच बंद करा आणि तेलाची पातळी बघा. काहीच झालं नाही तर आधी मल्टिमीटर लावून सोलेनॉइडपर्यंत वीज येते का ते तपासा.

जाताजाता एक खास फायदा. हे युनिट तिन्ही गिअरमागे चालतं. टीएच-४०० चा दुसरा गिअर १.४८ चा, तिसरा १. मधे मोठी उडी आहे. दुसऱ्यात बटण दाबलं की १.१५ मिळतो. चढावर ट्रकला ओलांडताना हा मधला गिअर मला फार आवडतो. पहिल्याचा ओव्हरड्राइव्ह १.९३ चा होतो, पण तिथून साध्या दुसऱ्यावर जाताना एकाच क्षणी दोन कामं करावी लागतात. रोजच्या चालवण्यात त्याची गरज पडत नाही.

लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी गिअरबॉक्सच्या तेलाला वेगळा कूलर आणि तापमानाचा काटा लावा. तेल १७५ ते २०० अंश फॅरेनहाइटमध्ये राहिलं की चिंता नाही. भर उन्हाळ्यात चढावर काटा २०० च्या पुढे सरकू लागला तर ओव्हरड्राइव्ह सोडा. फेरे वाढतील, पण कन्व्हर्टरची घसरण कमी होईल आणि तेल थंड होईल. उतारावर गाडी उभी करताना नुसत्या पार्कवर भिस्त न ठेवता पार्किंग ब्रेक दाबा. युनिटमध्ये एका दिशेचा जोर स्प्रिंगांनी धरलेल्या क्लचवर येतो.

पहिल्या ५०० मैलांनंतर गाडी पुन्हा स्टँडवर घ्या. अ‍ॅडॉप्टरचे, माउंटचे आणि मागच्या क्रॉसचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. युनिटच्या तेलाचं बूच उघडून पातळी बघा. तीन कोन पुन्हा मोजून त्याच वहीत, जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहून ठेवा. नवं रबरी माउंट या काळात थोडं बसतं. माझ्या गाडीत पुढचा कोन अर्ध्या अंशाने उतरला होता, आणि माउंटखालची पट्टी एकदा बदलून घ्यावी लागली.